सरीचा हिशोब



वळवाचा पाऊस कसा असतो, हे पुण्यातल्या बाईला सांगायला नको. कात्रजला रस्त्यावरून पाणी वाहत असतं आणि त्याच वेळी येरवड्यात दोरीवरचे कपडे खडखडीत वाळलेले असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा येतो, इतके मिलिमीटर पाऊस. आकडा खरा असतो, पण तो तिथल्या एका पर्जन्यमापकाचा असतो. सर केवढी होती, कुठून आली आणि कुठे गेली, हे कळायचं तर कात्रज, येरवडा, पाषाण, हडपसर, सगळीकडे मापकं हवीत. शिवाय प्रत्येक मापकाशेजारी वेळही लिहिलेली हवी.

आज आम्ही अशाच एका पावसाबद्दल बोलणार आहोत. तो पाण्याचा नाही, कणांचा आहे. तो दिसत नाही, भिजवत नाही आणि छत्रीनं अडत नाही. तुम्ही हे ऐकताय, तेवढ्यातही तुमच्या उघड्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक कण आरपार जातो आहे. त्यानं काही दुखत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांतूनही तो असाच जात होता.

हा विषय आमच्याकडे आला खोडदमुळे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण सगळ्यांना बघायला खुली असते. आमच्या गटातल्या बायका मुलांना घेऊन गेल्या होत्या. तिथे एकच दुर्बीण नाही, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आमच्यातली एक म्हणाली, ‘‘एकच मोठी का नाही बांधली?’’ उत्तर मिळालं की लांब लांब ठेवलेल्या पुष्कळ तबकड्यांच्या नोंदी एकत्र केल्या, की एका अवाढव्य तबकडीचं काम होतं. खोडदची दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची शाखा. हीच शाखा ऊटीची १९७० सालची रेडिओ दुर्बीणही चालवते. आणि त्याच ऊटीत टीआयएफआरनं आकाशातून पडणारे कण मोजायला शोधकयंत्रांचं एक जाळं मांडलं आहे, त्याचं नाव ग्रेप्स-३. नारायणगावच्या द्राक्षबागा बघून नुकत्याच परतलेल्या आम्हाला त्या नावाचं हसू आलं. पण मग आम्ही वाचत गेलो आणि वाचता वाचता एक बाई भेटली. तिच्यासाठी आजचं हे बोलणं.

आधी थोडं मागे जाऊ. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून पाच हजार मीटरहून उंच गेले. हवेत विद्युतभार तयार करणारं काहीतरी सगळीकडे असतं, हे तेव्हा माहीत होतं. ते जमिनीतून येत असावं, असा समज होता. तसं असेल तर वर जाताना ते कमी व्हायला हवं. हेसना ते वर वाढलेलं आढळलं. म्हणजे ते बाहेरून, आकाशातून येत होतं. त्यालाच पुढे वैश्विक किरण म्हणू लागले. नाव किरण असलं, तरी बहुतेक करून ते अतिवेगवान कण असतात.

असा एक कण आपल्या हवेच्या वरच्या थरावर आदळला की त्यातून नवे कण फुटतात, त्यातून आणखी आणि मग आणखी. १९३७ साली आपल्या मुंबईचे होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी एका कणातून अशी कणांची सर कशी तयार होते, याचं गणित मांडलं. पुढच्याच वर्षी पियेर ओजे या फ्रेंच शास्त्रज्ञानं कण मोजणारी यंत्रं एकमेकांपासून लांब ठेवून पाहिली. आल्प्सच्या डोंगरात तर हे अंतर ३०० मीटरपर्यंत नेलं. तरीही दोन्ही यंत्रं पुन्हा पुन्हा एकाच क्षणी वाजत होती. योगायोगानं इतक्या वेळा हे घडणं शक्य नव्हतं. एकच मोठी सर दोन्ही ठिकाणी पडत होती. एका यंत्राला कण कळतो. सर कळायला दोन तरी यंत्रं लागतात आणि दोघांची वेळ लागते.

आता त्या बाईकडे येऊ. बिभा चौधुरी, जन्म १९१३, कोलकाता. १९३६ साली कोलकाता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा त्या वर्षाच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. नंतर बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी वैश्विक किरणांवर काम सुरू केलं. फोटोच्या काचपट्ट्या दार्जिलिंगला आणि साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या संदकफूला महिनोन्‌महिने ठेवायच्या, मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या खुणा शोधायच्या, असं ते काम. त्या खुणांवरून त्यांनी इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोनशे पट जड कणांचं वस्तुमान काढलं. १९४१ आणि १९४२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे लेख आले. मोजणी आणखी नेमकी करायची, तर जास्त चांगल्या प्रतीच्या पट्ट्या हव्या होत्या. महायुद्ध चालू होतं, पट्ट्या मिळाल्या नाहीत. काम तिथेच थांबलं. युद्धानंतर सुधारलेल्या पट्ट्या वापरून इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटानं पायॉन हा कण शोधला आणि १९५० साली पॉवेलना नोबेल मिळालं. पॉवेलनी आपल्या पुस्तकात बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कामाचा उल्लेख केला, ही त्यांची सचोटी. पण पुस्तकातला उल्लेख किती जण वाचतात?

१९४५ साली बिभाताई मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांचा विषय होता आजचा आपलाच विषय, हवेतून येणाऱ्या कणांच्या विस्तृत सरी. अशा सरीत काही कण जाड शिशातूनही आरपार जातात. सर जितकी दाट, तितक्याच प्रमाणात या भेदक कणांच्या घटनाही जास्त, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९४९ साली प्रबंध सादर करून त्या परतल्या आणि भाभांच्या टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या. तिथे संशोधक म्हणून आलेल्या त्या पहिल्या महिला. त्याच सुमारास संस्था पेडर रोडच्या बंगल्यातून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली होती. गेटवे पाहायला आपल्यापैकी कितीतरी जणी गेल्या असतील. तिथल्या एका इमारतीत ही बाई काम करून गेली, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे हे शास्त्र वाढत गेलं, ते असं. कणांची सर खाली येते, ती भल्यामोठ्या ताटासारखी. रुंदी शेकडो मीटर, जाडी जेमतेम काही मीटर. ताट सरळ डोक्यावरून आलं, तर मैदानातल्या सगळ्या शोधकांना एकदमच लागतं. तिरकं आलं, तर एका बाजूच्या शोधकांना आधी, दुसऱ्या बाजूच्यांना नंतर. हा फरक सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त फूटभर जातो. या फरकावरून सर कुठल्या दिशेनं आली ते कळतं आणि कुठल्या शोधकाला किती कण लागले, यावरून मूळ कणात किती ऊर्जा होती त्याचा हिशोब लागतो. १९६२ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत जॉन लिन्सली यांना अशाच जाळ्यात एक सर सापडली. तिच्या मूळच्या एकाच कणात हातानं फेकलेल्या चेंडूइतकी ऊर्जा होती. असे कण फारच विरळ. एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एखादा पडला तर पडला. म्हणून अर्जेंटिनात ओजे यांच्या नावाचं जाळं ३००० चौरस किलोमीटरवर पसरलंय. त्यात पुण्यासारखी पाच-सहा शहरं मावतील. तिथले शोधक म्हणजे चक्क पाण्याच्या टाक्या आहेत. प्रत्येकीत १२ हजार लिटर शुद्ध पाणी आणि दोन टाक्यांमध्ये दीड किलोमीटर अंतर. पाण्यातून कण गेला की मंद उजेड पडतो आणि तो टिपला जातो.

ऊटीचं जाळं दाट आहे, कारण ते जास्त वेळा पडणाऱ्या, लहान सरींसाठी आहे. सुमारे ४०० शोधक, प्रत्येक एक चौरस मीटरचा, एकमेकांपासून आठ मीटरवर. कण गेला की चमकणारं प्लॅस्टिक त्यात असतं आणि ते ऊटीतच तयार करतात. शेजारी म्युऑन या भेदक कणांसाठी वेगळी दुर्बीण आहे, सहा-सहा मीटरच्या ३७१२ लोखंडी नळ्यांची. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल जमिनीखाली टीआयएफआरचा एक प्रयोग चालायचा. तो बंद झाल्यावर तिथल्या नळ्या इथे कामी आल्या. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आम्हाला हे वाचून बरं वाटलं.

या नळ्यांनी काय दाखवलं? १ डिसेंबर २०१४ रोजी ऊटीवर वादळी ढग आला आणि म्युऑनची संख्या साधारण दोन टक्क्यांनी घटली. ढगातल्या विजेच्या दाबानं म्युऑनची ऊर्जा कमी-जास्त होते. ती घट मोजून शास्त्रज्ञांनी २०१९ साली सांगितलं की त्या ढगात १३० कोटी व्होल्टचा दाब होता. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. ढगात आधी मोजलेल्या सर्वांत मोठ्या दाबाच्या हे जवळजवळ दहापट होतं. ढगाला हातही न लावता, खालून गेलेले आणि न गेलेले कण मोजून हे कळलं. नोंद रोजची होती, म्हणून कमी झालेलं लक्षात आलं.

नोंदीवरून आम्हाला आमची एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या गटात एक आजी आहेत. पहिली तीन वर्षं कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, सगळा हिशोब त्यांच्या तोंडावर असायचा. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून वहीत लिहिणारीची सही. पुढे कर्जाची फाइल करताना जुन्या इतिवृत्ताच्या वह्या काढल्या, तर आजींचं नाव कुठेच नाही. कुणी मुद्दाम गाळलं नव्हतं. लिहायचं राहिलं, इतकंच. आणि राहिलं म्हणजे त्या तीन वर्षांत आजी नव्हत्याच, असं वही म्हणत होती.

बिभाताईंचंही तसंच झालं. मुंबईनंतर त्यांनी अहमदाबादला आणि पुन्हा कोलकात्याला काम केलं, अखेरपर्यंत संशोधन चालू ठेवलं. १९९१ साली त्या गेल्या. हयातीत त्यांना मोठा सन्मान मिळाला नाही. २०१८ साली राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी जुने लेख आणि कागदपत्रं धुंडाळून त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिलं. नाव सुंदर आहे. पण तारा मिळायच्या आधी शाळेच्या पुस्तकात एक ओळ मिळायला हवी होती, असं आम्हाला वाटतं. खोडदला आलेल्या आमच्या मुलींना हेस आणि भाभा ही नावं अभ्यासात कधीतरी भेटतील. बिभा चौधुरी हे नाव आपणच सांगावं लागेल.

मैदानात चारशे शोधक असतात. त्यातल्या एकाचा आकडा वहीत चढला नाही, तर सर पडलेली असतेच, पण तिचा हिशोब चुकतो. आजींचं नाव आम्ही पुढच्या बैठकीत ठराव करून वहीत घातलं, मागच्या तीन वर्षांच्या तारखांसह. आजींनी आता सही शिकून घेतली आहे. त्या ठरावाखाली पहिली सही त्यांचीच आहे.

तुमच्या गटाची जुनी वही एकदा काढून बघा. कुणाचं नाव राहिलंय का, ते पाहा.