वस्ती बदनाम कोणी केली?

श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव आपल्याला दोन वेळा आठवावे लागते. १६ डिसेंबर १९३९ रोजी तिथे महार-मांग वतनदारांची मोठी परिषद भरली. वतनी जमिनीवर सरकारने वाढवलेल्या जुडीच्या विरोधात बाबासाहेब तिथे बोलले. दुसरी आठवण ऑगस्ट २०२३ ची. शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून आपल्या चार पोरांना त्याच हरेगावात झाडाला उलटे टांगून मारले गेले. मधे चौऱ्याऐंशी वर्षे गेली. त्यांत संविधान आले, धम्मदीक्षा झाली, अॅट्रॉसिटीचा कायदा आला. तरीही चोरी झाली की पहिली नजर कुणाकडे वळते, हे बदललेले नाही.

हे आज लिहायचे कारण वेगळे आहे. नगर शहराच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कडेकडेने ज्या वस्त्या वाढल्या तिथे आम्ही काम करतो. गेली काही वर्षे विहारातली कोणतीही बैठक शेवटी एकाच विषयावर येते : पोरे. गांजा, व्हाइटनर, बटन गोळ्या, आणि ज्याच्या हातात दोन पैसे जास्त त्याच्याकडे एमडी. मोबाइल हिसकावणे, गाड्यांतले पेट्रोल काढणे, रात्रीची भांडणे. मागच्या एका बैठकीत एक ज्येष्ठ उपासक संतापून म्हणाले, "पोलिसांना यादी द्या, सगळ्यांना एकदम उचलू द्या." मागे बसलेली एक माउली हळूच म्हणाली, "दादा, त्यात माझाबी हाये." त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही.

त्या दोघांनाही उत्तर देता यावे म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो. आपली वस्ती मुळात नशेची आणि गुन्ह्याची, असे जे सर्रास मानले जाते ते कुठून आले, हे आधी पाहायला हवे.

गावगाड्यात महाराचे काम काय होते? वेशीवर राखण करणे, रात्री गस्त घालणे, चोराचा माग काढणे, सरकारी वसुली तालुक्याला पोचवणे. अख्ख्या गावाने ज्याच्या भरवशावर झोपायचे तो माणूस गावाबाहेर राहायचा, आणि मोबदल्यात बलुते, शिळे तुकडे आणि जमिनीचा एक लहानसा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी ही वेठ कागदावर पक्की केली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, पण ते पुढे जाऊ शकले नाही. वतन प्रत्यक्षात संपायला १९५९ उजाडले. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चोर पकडले त्यांचीच नातवंडे आज चोर म्हणून झाडाला टांगली जातात. हा विनोद नाही, याला जात म्हणतात.

शिक्का मारण्याचे काम इंग्रजांच्या कागदांनीही केले. १८८४ साली निघालेले अहमदनगरचे गॅझेटिअर उघडून पाहा. कोणती जात स्वच्छ, कोणती आळशी, कोणती दारूला सोकावलेली, कोणती चोरटी, असे एकेका समाजाचे स्वभावच लिहून ठेवलेत. माहिती देणारे कोण असतील, याचा अंदाज करायला एमए लागत नाही. त्याच्या आधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला होता. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा समाजांत मूल जन्मले की ते गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, आणि काहींना तर तारेच्या कुंपणाआड ठेवलेले. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण सांगणारी कुटुंबे आजही भेटतात. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांना का अर्पण केली, हे हजेरीचा इतिहास वाचल्यावर नीट कळते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशातून गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा आणला. जमातीच्या जागी व्यक्ती आली, एवढाच काय तो फरक. ठाण्यातल्या नजरा त्याच राहिल्या.

आता दारूचे बघू. दारू आपल्या माणसाने शोधली नाही आणि तिच्यावर मोठाही तो झाला नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावची भट्टी बेकायदा ठरवली. गाळण्याचा मक्ता ठेकेदाराला दिला आणि पेल्यापेल्यावर सरकारचा कर बसवला. अबकारी हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार झाला. १८८० साली पुणे नगरपालिकेत असताना जोतीरावांनी वाढत्या गुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिले. दारूने कुटुंबे धुळीला मिळतात आणि सरकार मात्र उत्पन्न मोजते, हे तात्यासाहेबांना तेव्हाच दिसले होते.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक धागा आहे : ऊस. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होताच, आणि १९५० मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे तालुक्या-तालुक्यात कारखाने उभे राहिले. साखर निघाली की मळी उरते, मळीतून मद्यार्क निघतो, आणि देशी दारूची बाटली त्याच मद्यार्काची. ऊस तोडायला पाथर्डी-शेवगावच्या उघड्या माळावरचा गरीब, कारखान्याची सत्ता बागायतदाराच्या घरी, आणि बाटली पुन्हा गरिबाच्या खोपटात. सहकाराच्या यशोगाथा आपण शाळेत वाचल्या. मळीचा धडा कोणत्याच पुस्तकात नव्हता.

यानंतरचा भाग आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९४९ ला मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू झाली. (तोच कायदा आजही आहे. महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री अजून परवाना लागतो, हे कितीजणांना माहीत आहे?) आपल्याला वाटेल, बाबासाहेबांनी तिचे स्वागत केले असेल. त्यांनी विरोध केला. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीला शुद्ध वेडेपणा ठरवले आहे. त्यातला युक्तिवाद असा : बंदीमुळे दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला. पूर्वी बाप्ये दुकानात जाऊन प्यायचे, आता दारू घरातच डोळ्यांसमोर तयार होते म्हणून बाया-पोरेही पितात. गुन्हे वाढले, आणि शिक्षणासारख्या कामांना लागणारा महसूलही बुडाला.

आणि याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखोंकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा वदवून घेतली. पंचशीलातले पाचवे शील तर आहेच.

आमचे काही मित्र यात विसंगती काढतात. आम्हाला यात विचाराची सलगता दिसते. पोलिसाच्या दांडक्याने व्यसन जात नाही, उलट धंदा अंधारात जाऊन गरिबाच्या चुलीपाशी बसतो, हे त्यांनी ओळखले होते. व्यसन जाते ते माणसाला स्वतःची किंमत कळल्यावर. महाडला मार्च १९२७ मध्ये मेलेली जनावरे खाणे सोडा म्हणताना, १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या जोगतिणी-मुरळ्यांना ते जिणे सोडा म्हणताना त्यांची हाक स्वाभिमानालाच होती. आणि नुसती हाक देऊन ते थांबले नाहीत. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज उभे केले. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे तिथे शिकून माणसात आली. प्रतिज्ञा आणि कॉलेज ही एकाच कामाची दोन टोके होती.

याच जिल्ह्यात दुसरा मार्गही आहे, आणि देशभर त्याचेच कौतुक झाले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जात. खुद्द अण्णा हजारे यांनी हे मुलाखतींतून सांगितले आहे. गावातली दारू गेली, हे खरे आणि चांगलेच. पण त्याच गावात दलितांना मांसाहारही सोडायला लावल्याचे अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. खांब कुणाच्या देवळापुढचा आणि दोरी कुणाच्या हातात, हे प्रश्न आपण विचारणारच. हरेगावच्या झाडाखाली उभे राहून राळेगणच्या खांबाचे कौतुक आमच्याने होत नाही.

मग पोलीस नकोच का? हवेत, पण ते आधी कुठे जायला हवेत ते पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नगर तालुक्यातल्या पांगरमलला मतदारांच्या पार्टीत विषारी दारू वाटली गेली आणि माणसे मेली. तपासात निघाले की ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला तो कुरकुंभच्या एमआयडीसीत, आपल्या श्रीगोंद्याला लागून असलेल्या दौंड तालुक्यात. साठा शेकडो किलोंचा. वस्तीतल्या पोराच्या खिशात सापडते ते एक-दोन ग्रॅम. बनवणारा, पुरवणारा, पैसा लावणारा आपल्या वस्तीत राहत नाही. पण वर्तमानपत्रात फोटो आपल्या पोराचा, आणि पत्त्यात सिद्धार्थनगर नाहीतर भीमनगर.

हे सगळे खरे असले तरी यामागे लपता येणार नाही. ज्याच्या टपरीवर पुड्या मिळतात त्याने जयंतीला मोठी वर्गणी दिली म्हणून मंचावर खुर्ची कोण देतो? डीजेच्या मागे पिऊन नाचणाऱ्यांना कोण आवरत नाही? निवडणुकीत आपल्याच पुढाऱ्याने वाटलेल्या बाटल्या कोण घेतो? तिथे मनुवाद्यांकडे बोट दाखवून चालत नाही. बावीस प्रतिज्ञा दरवर्षी १४ ऑक्टोबरला माइकवरून म्हणायच्या आणि १५ तारखेला विसरायच्या, हा आपला दोष आहे.

त्या बैठकीत आम्ही यादी द्यायला नकार दिला. उपासक नाराज झाले, अजूनही आहेत. त्यांचा राग आम्हाला समजतो, त्यांच्या नातवाचा मोबाइल दोनदा गेला आहे. पण पोलिसांना द्यायचे ते पुरवठा करणाऱ्याचे नाव, पिणाऱ्याचे नाही, एवढ्यावर बैठक आली. एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. थोड्या मालासह सापडलेला किंवा फक्त सेवन करणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढूनही घेता येते. हे कलम वस्तीत कुणालाच माहीत नव्हते. पोरे पकडली जातात, वकील नसतो, पालक कोऱ्या कागदावर सह्या करतात, आणि एका पुडीपायी पोराचे नाव ठाण्याच्या रेकॉर्डवर कायमचे चढते. मग पुढच्या प्रत्येक चोरीला पहिला फोन त्याच घरी. आजोबांची हजेरी बंद झाली होती, नातवाची अशी सुरू होते.

म्हणून दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास वकील मित्र बसतात, आणि नंतर अभ्यासिका उघडी राहते. पहिल्या रविवारी पाच जण आले, दुसऱ्या रविवारी दोन. टपरीवाल्याचे या वर्षीच्या जयंतीचे पैसे परत केले, त्यावरून समितीत भांडण झाले आणि दोघांनी राजीनामे दिले. त्या माउलीचा मुलगा उपचाराला गेला, सतरा दिवसांनी पळून आला, आता परत जायला तयार आहे. या वेळी सोबत आम्ही जाणार आहोत.

जय भीम.