किन्शासा, १९२०च्या आसपास

१९५९ साली बेल्जियन काँगोतल्या लिओपोल्डव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या किन्शासात, एका माणसाचं रक्त घेतलं गेलं. त्यात एचआयव्ही होता, हे कळायला कितीतरी वर्षं गेली. त्याच शहरातला १९६०चा दुसरा नमुना २००८ मध्ये उजेडात आला. दोन्ही विषाणूंचा पूर्वज एकच, पण तोवर ते एकमेकांपासून बरेच लांब गेले होते.

पुढचा भाग माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला लगेच पटतो. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या साधारण ठरावीक वेगाने साठतात. गिटमध्ये दोन ब्रँच कुठे फुटल्या हे शोधतो, तसंच मागे जायचं. फक्त इथे कमिटवर तारीख नसते, ती चुका मोजून काढावी लागते. २०१४ च्या अभ्यासात उत्तर आलं: किन्शासा, १९२०च्या आसपास.

‘आफ्रिकेतला रोग’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी त्या काळच्या रेल्वेचा नकाशा बघावा. तांबं आणि हिरे बाहेर काढण्यासाठी बेल्जियमने रूळ टाकले. १९४०च्या दशकाअखेर वर्षाला दहा लाखांवर माणसं रेल्वेने किन्शासातून ये-जा करत होती. वसाहतीला मजूर हवे होते, त्यांचे संसार नकोत; त्यामुळे शहरात पुरुषच जास्त. नीट न उकळलेल्या सुयांनी दिलेल्या इंजेक्शनांवरही काही संशोधक बोट ठेवतात.

१९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला, बेल्जियन गेले. त्यांच्या जागी हैतीहून शिक्षक, तंत्रज्ञ आले. त्यांच्यापैकी कुणाबरोबर तरी विषाणू हैतीला पोचला असावा आणि तिथून अमेरिकेला. १९८१ साली तिथे पहिल्या रुग्णांची नोंद झाली, तेव्हा किन्शासात त्याला साठेक वर्षं होऊन गेली होती.