निद्रारोगाची रात्रीची चाहूल

इ. स. १८८० सालीं जेलिनो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एका विलक्षण व्याधीचें नामकरण केलें. मद्याच्या पिंपांचा व्यापार करणारा ३८ वर्षांचा एक गृहस्थ दिवसांतून २०० वेळांपर्यंत झोंपीं जाई. हंसूं आलें कीं त्याचे पाय गळून जात. जेलिनोनें या व्याधीस ‘नार्कोलेप्सी’ म्हटलें. तत्पूर्वीं, १८७७ सालीं, बर्लिनच्या वेस्टफाल यांनीं असाच रोगी वर्णिला होता. पुढें पुष्कळ काळ या रोगाची चर्चा मुख्यतः दिवसाच्या झोंपेभोंवतींच फिरत राहिली.

रात्रीचें दार उघडलें तें १९५३ सालीं. मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगानें फिरतात अशी निद्रेची एक अवस्था शिकागो येथें असेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं शोधून काढली. ठळक स्वप्नें बहुधा याच अवस्थेंत पडतात. त्या वेळीं देहाचे स्नायू शिथिल असतात. म्हणून स्वप्नांत धांवणारा मनुष्य अंथरुणावरच राहतो. निरोगी माणूस झोंपल्यावर सुमारें ९० मिनिटांनीं या अवस्थेंत शिरतो. नार्कोलेप्सीचा रोगी मात्र पुष्कळदां डोळा लागतांच तेथें पोंचतो, हें १९६० सालीं दिसून आलें.

स्नायूंचें हें बंधन सुटलें तर? ल्यों येथील झुव्हे यांनीं मांजरांच्या मेंदूच्या स्तंभांत सूक्ष्म इजा केली. तेव्हां तीं झोंपेंतच अदृश्य शत्रूवर झडप घालूं लागलीं. मिनेसोटांतील शेंक व महोवाल्ड यांनीं १९८६ सालीं तोच प्रकार मनुष्यांत वर्णिला: झोंपेंत ओरडणें, ठोसे मारणें, अंथरुणावरून उडी घेणें. १९९२ सालीं त्यांनीं तो नार्कोलेप्सीच्या रोग्यांतही नोंदविला. आणि २००७ सालीं प्राग येथील वैद्यांनीं दाखविलें कीं, मुलांमध्यें हें या रोगाच्या पहिल्या लक्षणांपैकीं एक असूं शकतें.

याचें मूळ २००० सालीं उमगलें. हा रोग असलेल्या मृतांच्या मेंदूंत ‘ओरेक्सिन’ हें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी बहुतांशीं नष्ट झालेल्या आढळल्या. जागृति व स्वप्न यांमधील कुंपण हेंच द्रव्य राखीत असतें.

रात्रीं ओरडणारें प्रत्येक मूल या रोगाचें नव्हे. परंतु जें मूल रात्रीं हातपाय झाडतें, वर्गांत पेंगतें आणि हंसतांना गुडघ्यांत मोडतें, त्यास आळशी म्हणून शिक्षा करणें किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे लावणें हा त्याच्यावर अन्याय होय. रोग समूळ जात नसला, तरी औषधांनीं व दिवसाच्या नेमक्या विश्रांतीनें तो आटोक्यांत राहतो. निदानास मात्र पुष्कळदां वर्षेंच्या वर्षें लागतात. रात्रीची ही चाहूल वेळींच ओळखली, तर त्यांतील कांहीं वर्षें तरी वांचतील.