खबर : वाडीची आणि जयनगरची

बदलीचा हुकूम हाती पडून मराठी अधिकाऱ्याचे बिऱ्हाड बेंगळूरास जयनगरात येऊन पडले, म्हणजे पहिल्या आठवड्यात त्याला तीन गोष्टींची निकड असते : दूध, मुलांची शाळा आणि भाकरीचे पीठ मिळण्याचे ठिकाण. १९४८ साली ज्या वसाहतीची पायाभरणी झाली, ती ही आखीव नगरी. ब्लॉक, मेन आणि क्रॉस ह्यांच्या आकड्यांनी बांधलेली. नकाशा हाती असला तर येथे चुकण्याचे भय नाही. परंतु पीठ चांगले कोठे मिळते हे नकाशा सांगत नाही; ते शेजारी सांगतो. पूर्वी शेजारी फाटकाशी उभा राहून सांगत असे, आता तो रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर सांगतो. दोन्ही वेळा आपण विश्वास ठेवतो तो पिठावर नव्हे, शेजाऱ्यावर.

कर्णोपकर्णी चालणाऱ्या ह्या बातमीवर व्यापाऱ्याची दृष्टी फार जुनी आहे. समाजमाध्यमांच्या द्वारे जाहिरात करण्याची विद्या अमेरिकेतून आली असे आपल्या तरुण मंडळींस वाटते. तिचा एक ठळक मराठी पूर्वज मात्र सातारा-सांगलीकडच्या एका ओसाड माळावर जन्मास आला होता, आणि त्याची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. ह्या समजुतीवर वर्तमानपत्रातील जाहिरातीचा उपाय चालण्यासारखा नव्हता. जो शेतकरी आपल्या बांधापलीकडच्या भाऊबंदाखेरीज कोणाचे ऐकत नाही, त्याला त्या भाऊबंदाच्याच तोंडून सांगावयास हवे होते.

१९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. तिच्या जाहिरातीचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांच्याकडे आले. हे गृहस्थ चित्रकार. पंडित सातवळेकरांच्या हाताखाली शिकलेले. कारखान्याची प्रसिद्धी त्यांनी चित्रकाराच्या नजरेने पाहिली हे आमच्या मते त्या कारखान्याचे भाग्यच होय. परदेशी कारखानदार आपल्या गिऱ्हाइकांसाठी मासिके काढीत असत. अमेरिकेत नांगर करणाऱ्या जॉन डीअर कंपनीचे ‘द फरो’ हे पत्र १८९५ पासून चालू होते, मोटारवाल्या फोर्डचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ पासून. शंकररावांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नाव खबर, म्हणजे केवळ बातमी. आणि आरंभी तिचे काम कारखान्याची, त्याच्या मालाची व गिऱ्हाइकांची हकिगत देण्याचेच होते.

पण येथे एक नवल घडले. नुसती नांगराची वार्ता दर महिन्यास कोण वाचणार? म्हणून तीत स्वावलंबनाचे लेख आले, उद्योगाच्या गोष्टी आल्या, कथा आल्या, व्यंगचित्रे आली. वाचक वाढले, आणि वाचकांबरोबर मासिकही नांगराच्या बाहेर वाढले. १९२९ साली ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ह्याच पानांतून महाराष्ट्राने वाचले. पुढे ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही अशा घरांतूनही ही मासिके वाचली जाऊ लागली. त्या घरांपैकी कित्येकांस हे एका कारखान्याचे प्रसिद्धिपत्रक होते ह्याची आठवणही उरली नसेल. पण ती लपविलेली मात्र कधीच नव्हती. कारखान्याचे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत छापलेले असे. त्याच घराण्याने १९४६ साली ह्या बेंगळुरात विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला, तेव्हा येथील मराठी माणसांना ते नाव परके वाटण्याचे कारण नव्हते.

आता ज्या गोष्टीस साथीची उपमा देऊन ‘व्हायरल’ म्हणतात, तिचे बीज पुष्कळ उशिराचे. साबीर भाटिया ह्या तरुणाचे शालेय शिक्षण काही काळ पुण्यास आणि काही काळ आपल्या ह्या बेंगळुरात झाले. त्याने जॅक स्मिथ ह्या सोबत्यासह ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत ‘हॉटमेल’ ही फुकट टपालाची सोय सुरू केली. तिची युक्ती एका ओळीची होती. येथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, तुम्हीही असे खाते फुकट उघडा, एवढे निमंत्रण आपोआप छापले जाई. पत्र मुलाने आईस लिहिलेले असो की मित्राने मित्रास, तळाशी कंपनीची दवंडी असेच. दीड वर्षात ग्राहक एक कोटीच्या आसपास गेले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. ‘व्हायरल मार्केटिंग’ ही संज्ञा त्याच वर्षी हॉटमेलला भांडवल पुरविणाऱ्यांनी रूढ केली.

दोहोंतील फरक लहान दिसतो, पण आहे मोठा. ‘खबर’ छापण्याचा, लिहविण्याचा, धाडण्याचा भार कारखाना वाहत होता. हॉटमेलचा निरोप पत्र लिहिणारा वाहत होता, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारलेही नव्हते.

एप्रिल २०२१ मधला प्रसंग आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. क्रेडिट कार्डाची बिले भरणाऱ्यांस बक्षिसे देणाऱ्या ‘क्रेड’ ह्या येथील कंपनीने आयपीएलच्या आरंभी एक चित्रफीत प्रसृत केली. तीत राहुल द्रविड रहदारीत अडकून संतापतात, बॅटीने दुसऱ्याच्या मोटारीचा आरसा फोडतात आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचे ओरडून सांगतात. ज्यांचे वडील किसानच्या जॅम कारखान्यात होते म्हणून ज्यांना ‘जॅमी’ म्हणत, ज्यांच्या शांतपणाची मराठी घरांतून मुलांना उदाहरणे दिली जात, तेच हे द्रविड! देशभर हशा पिकला. घरोघरी जेवण पोचविणाऱ्या झोमॅटोने, इंदिरानगरात आज उशीर होईल, असा विनोद करून आपलीही पोळी त्याच तव्यावर भाजून घेतली. पहिल्या कंपनीने वेळ विकत घेतला होता तो सामन्यांतला; बाकीचा प्रसार तुम्ही-आम्ही केला, आणि हसतहसत केला. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. विनोद चांगला होता व कंपनीचे नाव उघड होते.

मात्र त्याच एप्रिलमध्ये खरी साथही ह्या शहरात पुन्हा उसळली होती. २७ तारखेच्या रात्रीपासून सारे कर्नाटक बंद झाले. ज्या फोनवर आरसा फोडणारे द्रविड आले होते, त्याच फोनवर, त्याच गटांतून, ऑक्सिजन कोठे आहे, खाट कोठे रिकामी आहे, असे निरोप येऊ लागले. आणि ते तितक्याच चटकन पुढे पाठविले गेले. खरे कोणते, शिळे कोणते, हे पाहण्यास सवड नव्हती. नाव ओळखीचे दिसले की माणसे धावत.

हे ओळखीचे नावच आता बाजारात विकले जाते. एखादी वस्तू वापरून आपण सुखी झालो असे हजारो अनुयायांस सांगणारी माणसे त्याबद्दल मोल घेतात. आणि २० जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने, असे मोल घेतले असेल तर ते स्पष्ट शब्दांत सांगावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहेच. मोल न घेता पुढे पाठविणारे मात्र निराळे. ते बहुधा आमच्यासारखे असतात.

आमची गोष्ट अशी. एका कंपनीचा निरोप आम्हांस आला : दहा जणांस पाठवा, पन्नास रुपयांची सूट मिळवा. आम्ही तो तीन गटांवर पाठविला. त्यांत एक कचेरीचा होता. महिन्याभराने आमच्या कचेरीतील एक कारकून संकोचत खोलीत आला. त्याच्या वृद्ध आईने तो निरोप उघडून आपला क्रमांक भरला होता, आणि आता तिला अवेळी कर्ज घ्या, विमा घ्या, असे फोन येत होते. “सर, साहेबांनी पाठविलंय म्हणजे खरंच असणार, असं ती म्हणाली,” असे तो म्हणाला, आणि हे बंद कसे करावयाचे, असे त्याने आम्हांसच विचारले.

आम्ही त्याच सायंकाळी तिन्ही गटांवर दुसरा निरोप धाडला : पहिला उघडू नये, चूक आमची. तो पुढे कोणी पाठविल्याचे आमच्या पाहण्यात आले नाही.