नेपाळची तीनदा लांबलेली निवडणूक

नेपाळमध्ये माओवाद्यांचा सशस्त्र उठाव फेब्रुवारी १९९६मध्ये सुरू झाला. दहा वर्षांत १३ हजारांहून अधिक माणसे त्यात मेली. या संघर्षामुळे राष्ट्रीय निवडणूक तीनदा पुढे ढकलावी लागली: २००२मध्ये युद्ध ऐन भरात असताना, आणि २००७मध्ये शांतता करारानंतर दोनदा.

२२ मे २००२ रोजी पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांच्या शिफारशीवरून राजे ज्ञानेंद्र यांनी प्रतिनिधी सभा विसर्जित केली. माओवाद्यांविरुद्ध लागू असलेल्या आणीबाणीची मुदत वाढवायला देउबांच्याच नेपाळी काँग्रेसचा विरोध होता. १९९०च्या राज्यघटनेनुसार विसर्जनानंतर सहा महिन्यांत निवडणूक घेणे बंधनकारक असल्याने १३ नोव्हेंबर ही तारीख ठरली. मात्र सप्टेंबरमध्ये माओवाद्यांनी अर्घाखांची जिल्ह्याचे मुख्यालय संधिखर्क उद्ध्वस्त केले. तेव्हा देउबांनी सर्वपक्षीय सहमती मिळवून मतदान सुमारे वर्षभर पुढे नेण्याची शिफारस राजाकडे केली. संसदच नसल्यामुळे हा निर्णय करायला दुसरी जागा उरली नव्हती, आणि खरा घात इथेच झाला. ४ ऑक्टोबरला राजाने देउबांना ‘अक्षम’ ठरवून बडतर्फ केले आणि निवडणूक बेमुदत लांबवली. पुढचे पंतप्रधान राजाच्या मर्जीने आले आणि गेले; १ फेब्रुवारी २००५ रोजी त्याने सारी सत्ताच हाती घेतली. गावपातळीवरची हानी अधिक काळ टिकली. स्थानिक संस्थांची मुदत २००२च्या जुलैत संपली होती, गावांतल्या संस्थांची पुढची निवडणूक २०१७मध्ये झाली.

एप्रिल २००६च्या जनआंदोलनापुढे राजाला नमावे लागले आणि विसर्जित सभा पुन्हा जिवंत झाली. नोव्हेंबरमध्ये शांतता करार झाला, जून २००७मध्ये संविधान सभेची निवडणूक घ्यायचे ठरले. माओवादी सैनिक सात मुख्य शिबिरांत राहू लागले. त्यांची शस्त्रे कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली. किल्ली माओवाद्यांकडे आणि पहारा संयुक्त राष्ट्रांचा. शिवाय कंटेनर कुणी उघडलाच तर भोंगा वाजेल, अशी योजना होती. नेपाळी सेनेनेही तितकीच शस्त्रे अशाच रीतीने बाजूला ठेवली. परस्परांवर काडीचा विश्वास नसलेल्या दोन फौजांसाठी ही व्यवस्था शहाणपणाची होती.

तरीही जूनची तारीख टळली. निवडणूक कायदे तयार नव्हते आणि कायदे हाती आल्यावर तयारीला ११० दिवस लागतील, असे मुख्य निवडणूक आयुक्त भोजराज पोखरेल यांच्या आयोगाने स्पष्ट सांगितले. शिवाय दक्षिणेकडच्या तराईच्या सपाट प्रदेशात तिथल्या मधेशी लोकांचे आंदोलन पेटले होते. मार्चमध्ये तराईतल्या गौर येथील चकमकीत २७ जण ठार झाले. मग २२ नोव्हेंबर ही तारीख आली. पण राजेशाही आधी रद्द करा आणि सर्व जागा प्रमाणशीर पद्धतीने भरा, या मागण्यांसाठी माओवादी सप्टेंबरमध्ये सरकारबाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये निवडणूक पुन्हा पुढे गेली.

२००७ आणि २००२ यांच्यातला फरक इथे दिसतो. आता अंतरिम संसद बसलेली होती आणि प्रत्येक विलंबाच्या काळात तिथे वाटाघाटी होऊन काहीतरी पदरात पडत होते. शांतता करारानंतरच्या मूळ अंतरिम घटनेत संविधान सभेच्या जागा ४२५ होत्या. मधेशींच्या मागणीनंतर मतदारसंघ वाढून त्या ४९७ झाल्या. डिसेंबरच्या २३ कलमी समझोत्यानंतर हा आकडा ६०१वर गेला: २४० थेट, ३३५ प्रमाणशीर आणि २६ नामनियुक्त. राजेशाहीचा अंत सभेच्या पहिल्याच बैठकीत होईल, हेही तेव्हाच लिहून ठेवले गेले. फेब्रुवारी २००८मध्ये तराई पुन्हा बंद पडली; सरकारने मधेशी पक्षांशी करार केला, पण या खेपेला मतदानाचा दिवस हलवला नाही.

१० एप्रिल २००८ रोजी मतदान झाले. निवडून द्यायच्या ५७५ जागांपैकी २२० माओवाद्यांनी जिंकल्या. प्रमाणशीर याद्यांमुळे ६०१ जणांच्या सभेत १९७ महिला पोहोचल्या. २८ मे रोजी सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळला प्रजासत्ताक घोषित केले.