बिऱ्हाड कुठल्या मुलखात न्यायचं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. बचत गोळा झाली, हप्त्यांचा हिशोब झाला, सह्या झाल्या, आणि उठता उठता एक मैत्रीण म्हणाली, "ताई, पुढच्या कर्जाच्या यादीत माझं नाव धरू नका. आम्ही बहुतेक जाणार." कुठं जाणार म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. तिचे थोरले दीर केरळात त्रिशूरला गलाईच्या धंद्यात आहेत. मालकांचा मामेभाऊ अमृतसरला आहे. चुलत नणंद पुण्यात असते, तिचे यजमान कारखान्यात चिकटवून देतो म्हणतात. घरात महिनाभर खल चाललाय. थोरली लेक आठवीत, धाकटा तिसरीत. आम्ही विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "मला अजून कुणी विचारलंच नाही."

त्या दिवशी बैठक तासभर लांबली. कारण आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणींच्या माहेरचं नाही तर सासरचं कुणीतरी परमुलखात आहेच. मग आम्ही ठरवलं, की आपल्या भागातल्या माणसांनी 'कुठं जायचं' हे आजवर कसं ठरवलं, ते एकदा नीट बघू. म्हाताऱ्या बायकांना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं चाळली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतोय.

आपला माण, खटाव, आटपाडी, खानापूरचा पट्टा. पावसाळ्यात ढग सह्याद्रीला अडतात आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर रिकामे होतात. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. त्यामुळं घर सोडणं आपल्याला नवं नाही. आपल्याकडं त्याला शब्दच आहे, 'जगायला जाणं'. मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या, वर लहान पोर. पण ते जाणं परतीचं असतं. वाटा ठरलेल्या, शेतं ठरलेली, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची ते ठरलेलं.

कायमचं जाणं सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांमुळं. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शहर गिरण्यांनी भरलं. आधी कोकणातले लोक गेले, मग घाटावरचे. तिथं कुठल्या चाळीत उतरायचं हे ठरवायला फारसा विचार लागत नसे. आपल्या गावचे लोक ज्या खोलीत, त्याच खोलीत. एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी, पाळीपाळीनं झोपायचे. गावचा माणूस आधी असेल तिथं जायचं, हा आपला पहिला नियम. तो वाईट नव्हता. अनोळखी शहरात नोकरीला शब्द टाकणारा, तापात पाणी देणारा तोच असायचा.

पण या नियमात बायका कुठं होत्या? १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. म्हणजे गडी गेला आणि घर गावात राहिलं. बाईनं शेत बघायचं, सासू-सासरे बघायचे, पोरं वाढवायची आणि मनिऑर्डरीची वाट बघायची. ज्या थोड्या जणी मुंबईला गेल्या, त्यांतल्या कित्येकींनी खानावळी चालवल्या. गिरणीच्या पाळीप्रमाणं भाकऱ्या थापायच्या, आणि महिन्याच्या पगाराला पैसे मिळेपर्यंत सावकाराकडून व्याजानं काढून किराणा भरायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटात बसून अंतर्गत कर्ज वाटतो, तेव्हा या बायकांची आठवण ठेवायला हवी. नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायचा कार्यक्रम १९९२ साली सुरू केला. त्याच्या सतरा वर्षं आधी या बायका बँकेच्या दारात उभ्या राहिल्या होत्या.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आमच्या गटातल्या सर्वांत वडील आजी सांगतात, की विहिरीच्या तळाला वाटीनं पाणी भरायचं आणि रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरी खायच्या. त्या वर्षी गावंच्या गावं उठायची, पण पुष्कळ घरं तगली. कारण सरकारनं दुष्काळी कामं काढली. त्यामागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना होती. मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं, हा प्रयोग त्यांनी १९६५ साली आपल्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात करून पाहिला होता. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडली, बांध घातले, तलाव खोदले. मजुरी कामाच्या मापावर, बाई म्हणून वेगळा दर नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. 'कुठं जायचं' याची यादी करताना 'इथंच राहायचं' हेही त्या यादीत लिहायला हवं, हे आपल्याला रोजगार हमीनं दाखवलं. आजी म्हणतात, "काम गावात मिळालं म्हणून माझी चूल हलली नाही."

आता गलाईचं बघू, कारण आपल्या मैत्रिणीचा प्रश्न तिथूनच आला. खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या भागांतले लोक पिढ्यान् पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईत आहेत. सोनाराच्या दुकानातली जुनी मोड, अगदी झाडून काढलेली धूळसुद्धा, ते घेतात. मुशीत वितळवतात. सोन्यात दुप्पट-तिप्पट चांदी मिसळून तेजाबात टाकतात. चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी राहतं. मग चांदीही परत काढतात. कष्टाचं आणि नजरेचं काम. पंजाबपासून केरळपर्यंत ज्या गावात सराफ बाजार आहे, तिथल्या एखाद्या बोळात आपल्याकडचा माणूस सापडतोच.

या धंद्यावरही बरे-वाईट दिवस आले. जानेवारी १९६३ मध्ये सरकारनं सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली. १९६८ साली त्याचा कायदा झाला. कित्येक सोनारांचे धंदे बसले, आणि सोनार बसला की गलाईवाला बसलाच. १९९० साली तो कायदा रद्द झाला आणि सोन्याचा व्यवहार मोकळा झाला. तिकडं मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यांतले हजारो जण परत गिरणीत गेलेच नाहीत. म्हणजे आमच्या आजोबांच्या वेळी 'जगायला जायचं' म्हणजे मुंबई हे ठरलेलं होतं. आमच्या वडिलांच्या वेळी तो रस्ता बंद झाला आणि सगळा देश समोर आला.

पण देश समोर आला तरी निवडायची रीत जुनीच राहिली. भाऊ जिथं, पाहुणा जिथं, तिथं. फरक एवढाच, की मुंबईत गडी एकटा जायचा आणि गलाईत पुष्कळदा सगळं बिऱ्हाड गेलं. मुंबईत चाळीत मराठी ऐकू यायचं. १९५६ साली देशात भाषेप्रमाणं राज्यं झाली, १९६० साली आपला महाराष्ट्र झाला. त्यानंतर राज्य बदललं की शाळा बदलते, पाटी बदलते, दवाखान्यातलं बोलणं बदलतं. गड्याला सराफ बाजारात मोडकीतोडकी हिंदी पुरते. बाईला नळावर, दवाखान्यात, शाळेत बोलायचं असतं. आमच्यातल्या एकीचं बालपण तमिळनाडूत गेलं. पुढं दुकान, मागं एकच खोली, मध्ये पडदा. तेजाबाचा पिवळा धूर पडद्याला जुमानत नसे. आईला खोकला लागला. पण दवाखान्यात जायचं तर दुभाषी म्हणून आठ वर्षांची ही मुलगी बरोबर. आईचं दुखणं काय आहे, ते तिनंच डॉक्टरांना सांगायचं. काही गोष्टी आईनं तिच्यापुढं बोलल्याच नाहीत, आणि त्या तशाच राहिल्या.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग जाऊच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. याच गलाईच्या पैशांतून आपल्याकडं घरं बांधली गेली, विहिरी झाल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले, मुली शिकल्या. आणि राहणंही आता पूर्वीसारखं नाही. कृष्णेचं पाणी टेंभूहून टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीकडं आलं. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर हजारो बाया-माणसांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. ज्यांच्या रानात पाणी पोचलं, त्यांचा हिशोब वेगळा. ज्यांच्या रानात पोचलं नाही, त्यांनी २०१२-१३ मध्ये जनावरं छावणीला बांधली होती, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून आम्ही बैठकीत सात प्रश्न लिहून काढले. तुमच्या घरात असा खल चालला असेल तर तुम्हीही लिहून घ्या.

एक, तिथला पगार धरताना खोलीभाडं, डिपॉझिट आणि वर्षातून एकदा जत्रेला यायचं सगळ्यांचं भाडं वजा केलंय का? दोन, राहायची खोली आणि कामाची जागा वेगळी आहे का? तीन, मुलं कुठल्या भाषेत शिकणार आणि कितवीत बदलणार? तिसरीतलं पोर नवी भाषा पटकन उचलतं. नववीतल्या मुलीला दोन वर्षांत दहावी द्यायची असते. चार, पुढं इथंच शिकायचं असेल तर कागदपत्रांचं काय? आपल्याकडं अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य बघतात, आणि वैद्यकीयला राज्याच्या कोट्यातून जायचं तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. जातीच्या दाखल्याच्या सवलती दुसऱ्या राज्यात मिळतीलच असं नाही. पाच, रेशन. एक देश एक रेशन कार्डामुळं आता दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं, पण आधार जोडलेलं हवं. सहा, बाईला तिथं स्वतःची कमाई आहे का, आणि तिच्या नावाचं खातं चालू राहणार का? सात, नाही जमलं तर परत यायला इथं काय शिल्लक ठेवलंय?

हा कागद घेऊन आमची मैत्रीण घरी गेली. नवऱ्यापुढं ठेवायचं धाडस तिला होईना. तो सासूच्या हाती पडला. सासूबाई स्वतः पंचवीस वर्षं गलाईच्या दुकानामागं राहून आलेल्या. नातीकडून त्यांनी सगळे प्रश्न वाचून घेतले. रात्री जेवताना लेकाला म्हणाल्या, "मला तुझ्या बापानं एष्टीत बसल्यावर सांगितलं होतं, कुठं चाललोय ते. हिला आधी इचार."

मग विचारलं गेलं. तिनं सांगितलं, की अमृतसर नको, सणावाराला येणं जमणार नाही. पुण्याच्या खोलीभाड्याचा हिशोब तिनं मांडून दाखवला, तेव्हा हाती काही राहत नाही हे सगळ्यांनाच दिसलं. त्रिशूरला धंदा बरा आहे, पण दिरांच्या दुकानामागची खोली तिला मान्य नाही. शेवटी ठरलं ते असं, की मालकांनी आधी एकट्यानं सहा महिने जायचं आणि दुकानापासून वेगळी खोली बघायची. दिवाळीच्या सुट्टीत तिनं धाकट्याला घेऊन पंधरा दिवस राहून बघायचं. थोरलीची दहावी होईपर्यंत तिची शाळा मोडायची नाही, ती आजीजवळ राहील. आणि तोवर तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढायचा नाही, ही अट तिनं सासूच्या साक्षीनं घातली.

हे सगळं सुरळीत होईलच असं नाही. लेकीला सोडून राहायचं म्हणजे तिच्या जिवाला घोर आहेच. पण परवाच्या बैठकीत ती आली, बचत भरली आणि म्हणाली, "ताई, कर्जाच्या यादीत नाव राहू द्या. शिलाई मशीन घ्यायचंय. तिकडं नेता येईल असं हलकं बघा."

आम्ही नाव राहू दिलंय. तुमच्याकडं असा निर्णय चालला असेल तर गटात बोला, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायला विसरू नका.