ओकोंजो-इवेआला, न्गोझी

ओकोंजो-इवेआला, न्गोझी : (१३ जून १९५४ – ). नायजेरियन अर्थतज्ज्ञ आणि त्या देशाच्या पहिल्या महिला अर्थमंत्री. जन्म ओग्वाशी-उक्वू येथे. हार्वर्डची पदवी (१९७६), मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची डॉक्टरेट (१९८१) आणि जागतिक बँकेतील दीर्घ नोकरी यांनंतर २००३ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या मंत्रिमंडळात आल्या. त्यांचे नाव घेतले की २००५ ची कर्जमाफी आठवते : पॅरिस क्लबच्या धनको देशांचे सुमारे ३० अब्ज डॉलरचे देणे, पैकी १८ अब्ज माफ, उरलेले सुमारे १२ अब्ज रोख चुकते. माफीपेक्षा हे १२ अब्ज आले कुठून, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. तेल महागले म्हणून सारे साधले, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खरा. पण १९७० च्या दशकातही तेल महागले होते. तो पैसा आला तसा गेला आणि मागे कर्ज उरले. या वेळी २००४ पासून अर्थसंकल्प मुद्दाम कमी धरलेल्या तेलभावावर बेतला गेला (त्या वर्षी पिंपाला २५ डॉलर) आणि वरची मिळकत वेगळ्या खात्यात पडू लागली. शिवाय राज्यांना व स्थानिक संस्थांना दरमहा मिळणाऱ्या वाट्याचे आकडे वर्तमानपत्रांत छापले जाऊ लागले. दवाखान्यात औषध का नाही, हे विचारायला लोकांच्या हाती आकडा आला.

हे खाते पुढे रिकामे होत गेले, मग शिस्त कसली, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०११ मध्ये गुडलक जोनाथन यांच्या काळात त्या पुन्हा अर्थमंत्री झाल्या, तेव्हा राज्यांचे गव्हर्नर सगळा महसूल वाटून मागत होते आणि राज्यघटनेचा आधार त्यांच्याच बाजूने होता. खात्यामागे तसे बळ नव्हते. १ जानेवारी २०१२ रोजी पेट्रोलचे अनुदान उठताच लिटरचा भाव ६५ नायरांवरून १४० च्या घरात गेला, देशव्यापी संप झाला आणि पंधरवड्यात तो ९७ वर आणावा लागला.   तेव्हा दोष नियमात कमी आणि त्यामागच्या राजकीय पाठबळात जास्त, असे म्हणावे लागते. स्वतःचा मतदारसंघ नसलेल्या मंत्र्याला ते उसनेच मिळते. १ मार्च २०२१ पासून त्या जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक आहेत, या पदावरील पहिल्या महिला व पहिल्या आफ्रिकी. तिथे तर निर्णय सदस्य देशच घेतात, तेही सर्वसंमतीने.